शिकाऊंचा छोटा अॅम्प्लिफायर

इलेक्ट्रिक गिटार एकटी जवळजवळ मुकीच असते. तारांच्या कंपनातून निघणारा क्षीण विद्युतसंदेश मोठा करून ऐकवतो तो अॅम्प्लिफायर. म्हणून वाद्याबरोबर हा डबाही घ्यावाच लागतो. केवढा घ्यावा, हा प्रश्न मात्र जुना आहे.

कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी लिओ फेंडर यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ते हवाईयन गिटार आणि तिच्या जोडीला अॅम्प्लिफायर बनवू लागले. १९४८ मध्ये त्यांचा ‘चॅम्पियन ८००’ आला. आठ इंची एकच स्पीकर आणि शक्ती जेमतेम चार-पाच वॅट. पुढे हाच वंश ‘चॅम्प’ म्हणून ओळखला गेला. गिऱ्हाईक होते शिकाऊ वादक.

गंमत पुढेच आहे. आपल्या जुन्या रेडिओतल्यासारखे व्हॉल्व्ह यातही असत. आवाज पुरता वाढवला की त्यांचा सूर फाटतो, त्याला खरखरीत भरीवपणा येतो. मोठ्या यंत्रात तिथवर जायचे तर कान बधिर होतात. छोट्यात ते खोलीतही साधते. म्हणूनच एरिक क्लॅप्टन यांनी १९७० मध्ये मायामीत ‘लैला’च्या ध्वनिमुद्रणासाठी शिकाऊंचा हा ‘चॅम्प’ वापरला.

वॅट दसपट केले तरी कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. त्यामुळे फ्लॅटमध्ये पाच वॅटही शेजाऱ्यांना पुष्कळ होतात. नवशिक्याने आकड्याला भुलू नये. लहानच, पण हेडफोनची सोय असलेला घ्यावा. रोजचा सराव ज्यामुळे बंद पडणार नाही, तोच अॅम्प्लिफायर चांगला.