भाऊसाहेबांचे शव आणि तोतयाचा जबाब

‘विश्वास तर पानिपतात गेला’ ही कोटी आमच्या खुटबावच्या पारावरही ऐकू येते. विश्वासराव गेले याबद्दल कोणालाच शंका नव्हती. त्याच दिवशी, १४ जानेवारी १७६१ रोजी, त्याच रणात सदाशिवरावभाऊ दिसेनासे झाले आणि त्यांच्याविषयीचा संशय मात्र पुढे कित्येक वर्षे पुण्याला छळत राहिला. विश्वासरावांचे शव चेहऱ्यानिशी सापडले होते, अनेकांनी ते पाहिले होते. भाऊंच्या बाबतीत सापडले ते बिनशिराचे धड. पुढचा सारा घोळ तिथून सुरू झाला.

नाना फडणीस स्वतः रणात होते. भाऊंना पडताना पाहिले, असे त्यांच्या आत्मचरित्रात येत नाही. पार्वतीबाई सैन्याबरोबरच होत्या. जीव वाचवून परतल्या, पण कुंकू पुसायला तयार झाल्या नाहीत. या कुंकवाला काही लोक पुरावा मानतात. ते पटत नाही. पतीचे शव त्यांच्यासमोर कोणी आणले नव्हते, एवढेच त्यावरून म्हणता येते.

मग राहतो काशीराज पंडित. हा मूळचा दक्षिणी ब्राह्मण, चाकरी शुजाउद्दौल्याची. त्याने फारसीत लिहिलेली हकीकत जेम्स ब्राऊनने इंग्रजीत आणली. धड सापडले, त्यावर मुजफ्फरखान गारद्याच्या कट्यारीचा जुना व्रण होता, रोजच्या सूर्यनमस्कारांमुळे हातांवर व गुडघ्यांवर घट्टे होते, असे तो सांगतो. शिर नंतर एका अफगाण शिपायाकडून मिळाले. घट्टे हजार ब्राह्मणांच्या अंगावर सापडतील, त्यांना मी फारसे वजन देत नाही. व्रणाची गोष्ट वेगळी. मुजफ्फरखानाने भाऊंवर घातलेला घाव हा पानिपतापूर्वीचा, सर्वांना ठाऊक असलेला प्रसंग आहे.

पण यातच मेख आहे. सर्वांना ठाऊक असलेली खूण मागाहून कथेत घालणेही सोपे. आणि काशीराजाने ही हकीकत लिहिली १७८० च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर सुमारे एकोणीस वर्षांनी. तोवर तोतयाचे प्रकरण होऊन गेले होते.

ते प्रकरण थोडक्यात असे. भाऊ म्हणवणारा एक कनोजी ब्राह्मण माधवराव पेशव्यांच्या काळात पकडला गेला. पुढे तो रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत होता. १७७६ मध्ये किल्ल्याचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यानेच त्याला बाहेर काढले. बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्याकडे गेले, माणसे जमली. महादजी शिंद्यांना फौजेनिशी उतरावे लागले. तोतया समुद्रमार्गे निसटला, आंग्र्यांच्या हाती लागला आणि डिसेंबरात पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ नाटकामुळे ही कथा घरोघरी पोचली.

त्याच्या जबाबावर बरेच लेखक विसंबतात. माझे मत वेगळे आहे. तेव्हा गादीवर तान्हे मूल, कारभार बारभाईंचा, आणि भाऊ जिवंत ठरले असते तर सगळा कारभार त्यांच्याकडे गेला असता. ज्यांना तो खोटा ठरायलाच हवा होता त्यांच्या कैदेत दिलेला जबाब, त्याची किंमत ती किती? शिवाय तो तोतया होता हे सिद्ध झाले तरी भाऊ रणात पडले हे सिद्ध होत नाही. हे दोन प्रश्न आपल्याकडे नेहमी एकात एक मिसळले जातात.

म्हणूनच उशिरा लिहिणारा काशीराज मला जास्त मोलाचा वाटतो. पुण्याच्या कारभारात कोण बसावे याच्याशी त्याला देणेघेणे नव्हते. त्याचा धनी तर अब्दालीच्या बाजूचा. आणि भाऊंची कथा रंगवायचीच असती तर त्याने धड आणि शिर एकाच वेळी, एकाच जागी सापडल्याचे लिहिले असते. अशी अडचणीची, तुटक हकीकत कशाला लिहिली असती?

रोहतकजवळच्या सांघी गावात भाऊ पानिपतानंतर साधुवेषात राहिले, अशी परंपरा आहे. तिथल्या लोकांची श्रद्धा खरी आहे. पण त्या परंपरेत कट्यारीच्या व्रणासारखी तपासता येणारी एकही खूण मला आढळली नाही. तोवर माझा कौल शुजाच्या गोटात अग्नी दिलेल्या त्या देहाकडे.