मानसिक प्रतिमान

मानसिक प्रतिमान म्हणजे एखादी गोष्ट कशी चालते याविषयी माणसाने मनात बाळगलेली सोपी, छोटी प्रतिकृती होय. इंग्रजीत तिला मेंटल मॉडेल म्हणतात. जग सर्व तपशिलांसह ध्यानात ठेवणे अशक्य असल्याने माणूस त्यातील मोजके घटक निवडतो, त्यांचे परस्परसंबंध गृहीत धरतो आणि त्याआधारे पुढे काय घडेल याचा अंदाज बांधून निर्णय घेतो. प्रतिमान उघडपणे मांडलेले असेल, तर त्यातील गृहीतके तपासता येतात. ते नकळत वापरले जात असेल, तर त्याचे निष्कर्षच वस्तुस्थिती मानले जातात. भारतातील वाघांची मोजणी हे याचे ठळक उदाहरण असून अमरावती जिल्ह्यातील सेमाडोह परिसरात ते चांगले समजून घेता येते.

संकल्पनेचा उगम

मन बाह्य जगाची लहान प्रतिकृती घडवते व तिच्यावर पर्याय पडताळून पाहते, ही कल्पना स्कॉटिश मानसशास्त्रज्ञ केनेथ क्रेक यांनी १९४३ साली मांडली. फिलिप जॉन्सन-लेअर्ड यांनी १९८३ च्या ग्रंथात तिचा तर्कप्रक्रियेच्या संदर्भात विस्तार केला. गुंतवणूकदार चार्ली मंगर यांनी १९९४ च्या एका व्याख्यानात अनेक विद्याशाखांतील प्रतिमाने एकत्र वापरण्याचा आग्रह धरला. आज व्यवस्थापनविषयक लेखनात या शब्दाचा जो सुळसुळाट दिसतो, त्याचे मूळ बरेचसे या व्याख्यानात आहे.

मेळघाटातील वाघांची मोजणी

सेमाडोह हे चिखलदरा तालुक्यातील गाव परतवाडा-धारणी मार्गावर, सिपना नदीच्या काठी वसलेले आहे. भोवतालचे सागवानी पानझडी जंगल मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडते. १९७३-७४ मध्ये देशात स्थापन झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक व महाराष्ट्रातील पहिला आहे.

प्रकल्पाच्या पहिल्या तीन दशकांत वाघांची संख्या पाऊलठशांवरून ठरवली जाई. ही पद्धत ओडिशातील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी विकसित केली. वनरक्षक आपल्या नियतक्षेत्रातील धुळीच्या वाटा व ओढ्यांचे वाळूचे पात्र फिरून ठसे शोधत, काचेवर त्यांची बाह्यरेषा उतरवून घेत आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचे साचे घेत. ठसा चौकोनी असल्यास नर, लांबट असल्यास मादी असे मानले जाई. देशभरातील १९७२ ची मोजणी याच पद्धतीने होऊन १,८२७ हा आकडा आला.

या पद्धतीमागील प्रतिमानात दोन गृहीतके होती. प्रत्येक वाघाचा ठसा इतरांपेक्षा वेगळा ओळखता येतो, हे पहिले. जंगलातील प्रत्येक वाघाचा ठसा हाती लागतो, हे दुसरे. मेळघाटासारख्या डोंगराळ, खडकाळ प्रदेशात दुसरे गृहीतक मुळातच डळमळीत ठरते, कारण बेसॉल्टच्या उतारावर ठसा उमटत नाही. शिवाय जमिनीचा मऊपणा, उतार व चालण्याचा वेग यांनुसार एकाच वाघाचा ठसा बदलतो. वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी १९८० च्या दशकातच हे आक्षेप घेतले होते. तरीही पद्धत टिकली. एकेका वाघागणिक दिलेला आकडा नेमका वाटतो आणि प्रशासनाला नेमका आकडा हवा असतो, हे त्याचे एक कारण असावे.

राजस्थानातील सरिस्का येथे २००५ साली एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. अधिकृत मोजणीत मात्र तेथे वाघ होते. कागदावर वाघ दिसत असल्याने संरक्षण वाढवण्याची निकड वेळेवर जाणवली नव्हती. त्यानंतर सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमले गेले आणि २००६ पासून नमुना सर्वेक्षण व कॅमेरा ट्रॅप यांवर आधारित अंदाज स्वीकारण्यात आला.

नवे प्रतिमान

नव्या पद्धतीचा गाभा मासे मोजण्याच्या युक्तीतून आला आहे. डॅनिश मत्स्यशास्त्रज्ञ कार्ल पीटरसन यांनी १८९६ साली माशांना खुणा करून त्यांचा अभ्यास केला. समजा, उन्हाळ्यात सिपनेच्या एका डोहातून २० मासे पकडून, खूण करून सोडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा २० पकडले, त्यांपैकी ५ खुणेचे निघाले. म्हणजे खुणेचे मासे एकूण माशांच्या एक चतुर्थांश आहेत. डोहात सुमारे ८० मासे असावेत. वाघाच्या बाबतीत खूण निसर्गानेच केलेली असते, कारण प्रत्येकाचे पट्टे वेगळे असतात. दोन्ही कुशींवरील पट्टे सारखे नसल्याने कॅमेरे समोरासमोर जोडीने लावतात.

या प्रतिमानालाही अटी आहेत. एकदा पकडलेले मासे जाळ्याला बिचकू लागले, तर दुसऱ्या वेळी खुणेचे मासे कमी मिळतील व अंदाज फुगेल. फरक इतकाच की येथे न दिसलेल्या प्राण्यांना हिशेबात जागा आहे आणि उत्तर एका आकड्याऐवजी किमान-कमाल मर्यादांसह दिले जाते.

२००१-०२ च्या मोजणीत ३,६४२ व २००६ च्या अंदाजात १,४११ वाघ आले. यावरून चार वर्षांत दोन हजारांहून अधिक वाघ मेले असा अर्थ अनेकदा काढला जातो, तो चुकीचा आहे. दोन्ही आकडे वेगवेगळ्या प्रतिमानांचे असल्याने त्यांची थेट वजाबाकी करता येत नाही.

संरक्षणाविषयीची प्रतिमाने

मोजणीखेरीज जंगल कसे टिकते याविषयीही परस्परविरोधी प्रतिमाने आहेत. २००६ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन वाघांसाठी मानवी वावरापासून मुक्त क्षेत्र राखण्याच्या कल्पनेला कायद्याचे बळ मिळाले. त्याच वर्षी वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्या समाजांना संरक्षणाचे अधिकार दिले. मेळघाटात दोन्ही लागू आहेत. बोरी, कोहा व कुंड या गावांचे जंगलातून पुनर्वसन झाले, तर पायथ्याजवळील पायविहीर येथे ग्रामसभा सामूहिक वनहक्कांखाली जंगल राखते व सीताफळांची विक्री करते.

पाणवठ्यावरील गणना

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजण्याची रीत मेळघाटात जुनी आहे. उन्हाळ्यात पाणी मोजक्या ठिकाणी उरते आणि प्राणी दिवसातून एकदा तरी पाण्यावर येतो, हे तिचे गृहीतक. एकच प्राणी दोन पाणवठ्यांवर गेल्यास तो दोनदा मोजला जातो. त्यामुळे वाघांची अधिकृत संख्या आता यावरून ठरत नाही. वन विभाग हा उपक्रम निसर्गानुभव म्हणून राबवतो आणि नागरिकांनाही त्यात सहभागी करून घेतो.