विचारल्याशिवाय पाणी सांगत नाही



गावाला पाण्याचे हिरवे कार्ड मिळाले की आपण निर्धास्त होतो. त्या कार्डामागे जलसुरक्षकाची आणि आपल्या बचत गटांतल्या बायांचीही मेहनत असते. पण ते कार्ड विहिरीभोवतीची स्वच्छता, गळती, पाण्यात टाकलेली पावडर अशा गोष्टी पाहून मिळते. कारखान्यातले एखादे रसायन पाण्यात उतरले आहे का, हे त्यावरून कळत नाही. अशाच एका रसायनाची गोष्ट आज सांगणार आहे. ती अमेरिकेत सुरू होते आणि आपल्या खेड तालुक्यापर्यंत येते.

1938 साली अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत टेफ्लॉनचा शोध लागला. आपल्या नॉनस्टिक तव्यावरचा थर तो हाच. टेफ्लॉन बनवताना पीएफओए नावाचे रसायन वापरत. ‘पीफास’ नावाच्या हजारो रसायनांच्या कुळातले ते एक. ही रसायने मातीत कुजत नाहीत आणि पाण्यात विरघळून दूरवर जातात. त्यांना रंग, वास, चव काही नसते. पाणी उकळूनही ती जात नाहीत.

पार्कर्सबर्ग गावाजवळ या कंपनीचा कारखाना होता. 1984 मध्ये कंपनीने कर्मचाऱ्यांकरवी आसपासच्या दुकानांतल्या नळांचे पाणी गुपचूप भरून आणवले आणि तपासले. त्यात हे रसायन सापडले, पण गावाला कोणी सांगितले नाही. पुढे विल्बर टेनंट या शेतकऱ्याची गुरे कंपनीच्या कचऱ्याजवळच्या ओढ्याचे पाणी पिऊन मरू लागली. त्याच्या वतीने रॉबर्ट बिलॉट या वकिलाने 1999 मध्ये दावा लावला आणि कंपनीची जुनी कागदपत्रे उघड झाली. नंतर सुमारे 69 हजार लोकांनी आपले रक्त तपासायला दिले. त्यातून या रसायनाचा सहा आजारांशी संबंध असण्याची शक्यता पुढे आली. मूत्रपिंडाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार आणि गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब हे त्यांतले तीन. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पीएफओए माणसात कर्करोग घडवणारे असल्याचे जाहीर केले.

असेच इटलीतही घडले. विचेन्झा जिल्ह्यातल्या त्रिस्सिनो गावी मितेनी कंपनीचा कारखाना होता. 2013 मध्ये सरकारी संशोधकांच्या तपासणीत तिथल्या नद्यांत, भूजलात आणि नळाच्या पाण्यात पीफास सापडले. सुमारे साडेतीन लाख लोकांचा हा प्रश्न होता. पुढे मुलांच्या रक्ततपासणीचे अहवाल घरोघरी आले, तेव्हा आया हादरल्या. 2017 मध्ये त्यांनी ‘मम्मे नो पीफास’ नावाचा आयांचा गट बांधला. अहवाल हातात घेऊन त्या अधिकाऱ्यांकडे गेल्या, कोर्टातही गेल्या. 2018 मध्ये मितेनीचे दिवाळे निघाले. 26 जून 2025 रोजी विचेन्झाच्या न्यायालयाने 11 अधिकाऱ्यांना मिळून 141 वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली.

आता आपल्याकडे येऊ. बंद पडलेल्या मितेनीची यंत्रसामग्री 2019 मध्ये भारतातल्या लक्ष्मी ऑरगॅनिक या उद्योगसमूहाने विकत घेतली. ती आपल्या जिल्ह्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आली. म्हणून लोट्याचे पाणी दूषित झाले, असे कोणी समजू नये. यंत्रे आली एवढ्यावरून पाण्याबद्दल काहीच ठरत नाही. ते मोजूनच ठरेल. आणि मोजायची वेळ आजच आहे. आजचा आकडा लिहून ठेवला, तर पाच वर्षांनी पाणी बिघडले की नाही हे सांगता येईल.

मग आपण काय करायचे? जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवले आहे. त्यांच्या किटमध्ये फ्लोराइडची चाचणी असते. नाव जवळचे वाटले तरी त्या चाचणीत पीफास कळत नाही. आपल्या देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकातही, म्हणजे आयएस 10500 मध्ये, पीफासची मर्यादा दिलेली नाही. म्हणून नेहमीच्या तपासणीत ते कोणी पाहत नाही. अमेरिकेने 2024 मध्ये पीएफओएसाठी लिटरला 4 नॅनोग्रॅमची मर्यादा ठरवली. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग! इतके सूक्ष्म मोजायला मोठ्या प्रयोगशाळेतले खास यंत्र लागते.

नमुना घेतानाही जपावे लागते. बाटली प्रयोगशाळेने दिलेलीच वापरावी. हाताला क्रीम लावलेले नसावे. नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेप टेफ्लॉनची असते, तेव्हा तसा नळ टाळावा. नमुना बर्फात ठेवून लवकर पोहोचवावा.

हा खर्च एकट्या गटाला पेलणारा नाही, आणि तो आपण का करावा? ग्रामसभेआधी महिला सभा होते. तिथे ठराव मांडा: ‘औद्योगिक वसाहतीजवळच्या आमच्या विहिरी, बोअरवेल आणि नळयोजनेच्या पाण्याची पीफाससाठी तपासणी करावी आणि अहवाल गावात लावावा.’ हे शब्द जसेच्या तसे इतिवृत्तात लिहून घ्या. ठरावाची प्रत जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवा, आणि पोच घ्यायला विसरू नका.

पार्कर्सबर्गच्या लोकांना आपल्याच पाण्याचा अहवाल कळायला कित्येक वर्षे लागली. आपला अहवाल आपल्या हातात वेळेवर यावा, एवढेच मागायचे आहे.