मागच्या डाव्या चाकाचं तेल

आमच्या घरात जीपला कुणी जीप म्हणत नसे. 'गाडी' म्हणजे तीच. 1960 च्या दशकात थोरल्या काकांनी सेकंडहँड घेतलेली, उंच बॉनेटची. भुसार मालाचं दुकान होतं आणि पिरनवाडी, किणये, जांबोटी करत पार कणकुंबीपर्यंतच्या दुकानदारांना माल पोचवायचा असायचा. पावसाळ्यात त्या रस्त्याला दुसरं काही चालत नसे.

आपल्या बेळगावात जीप आधी दिसली ती कॅम्पात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर इथल्या फौजेकडच्या कितीतरी 'डिस्पोजल'मध्ये लिलावाने निघाल्या. त्या डावीकडे स्टेअरिंगच्या. पुढे महिंद्रांनी मुंबईत विलिसच्या परवान्यावर जीप जुळवायला सुरुवात केली, ती उजव्या स्टेअरिंगची. उंच बॉनेटचं मॉडेल विलिसने 1953 साली काढलं. नवीन इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच वर उचललं, एवढंच त्या रूपामागचं कारण. अमेरिकेत ते कधीच बंद झालं, आपल्याकडे मात्र वर्षानुवर्षं निघत राहिलं.

1961 च्या डिसेंबरात गोव्याच्या कारवाईसाठी 17 वी डिव्हिजन बेळगावकडून उतरली, तेव्हा लष्करी गाड्यांच्या रांगा बघायला बाबा आणि काका रस्त्याला जाऊन उभे राहिले होते. काकांच्या डोक्यात जीप शिरली ती तेव्हाच, असं बाबा म्हणायचे.

फौजेच्या गाड्या आल्या तसे त्या दुरुस्त करणारे हातही शहरात आले. ई.एम.ई. मधून पेन्शनीत निघालेली माणसं इथंच राहिली, कुणी खानापूर रस्त्याला, कुणी कॅम्पाच्या कडेला पत्र्याची शेड टाकून बसली. आम्ही ज्यांना मेस्त्रीमामा म्हणायचो ते त्यांतलेच. पण काका आधी त्यांच्याकडे गेले नाहीत, ही खरी गोष्ट.

1974 चा पावसाळा. गाडीच्या मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने तेल येऊ लागलं. रोज सकाळी टायरच्या आतल्या अंगाला काळा ओघळ. दुकानाजवळच्याच एका गराजमध्ये गाडी दाखवली. त्यांनी ऑईल सील बदललं. आठ दिवसांत परत ओघळ. परत सील. परत तेच. तिसऱ्यांदा गराजवाला म्हणाला, तुमचा क्लीनर हाउसिंगमध्ये तेल जास्त भरतो, ते उतू जातं.

क्लीनर म्हणजे वडगावच्या विणकरांच्या घरातला पोरगा, सोळा-सतरा वर्षांचा. हातमागाचं काम कमी झालं म्हणून आईने आमच्याकडे पाठवलेला. तेलपाणी बघणं त्याच्याकडे होतं. तो म्हणाला, "मी फिलरच्या भोकापर्यंतच भरतो, काका." कुणी ऐकलं नाही.

आणि मग जांबोटीहून परत येताना ते झालं. गाडीत माल नव्हता, काकू माहेराहून बसल्या होत्या. किणयेच्या अलीकडे उतारावर समोर म्हैस आली, काकांनी ब्रेक दाबला. डाव्या चाकाच्या लायनरवर तेल, ते धरेना. उजवं मागचं चाक जाम झालं. ओल्या रस्त्यावर गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि भाताच्या खाचरात जाऊन उभी राहिली. काकूंचा हात मोडला. बाकी कुणाला काही नाही.

दुसऱ्या दिवशी पोराला कामावरून काढलं. काकांनी त्याच्या आईसमोर काढलं, आणि बोलू नये तेही बोलले. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. दुकानाच्या पायरीवर बसून मी ते ऐकलं आहे.

गाडी दोरीला बांधून मेस्त्रीमामांच्या शेडमध्ये आणली. मामांनी आल्या आल्या पाना हातात घेतला नाही. आधी विचारलं, "तेल कसलं हाय, बघिटलासा का कुणी?" कुणीच बघितलं नव्हतं. चाकातून गळतं म्हणजे सील गेलं, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

त्यांची पद्धत मी नंतर कितीतरी वेळा पाहिली, म्हणून नीट सांगतो. चाकातून गळणारं तीन प्रकारचं असू शकतं. ब्रेक ऑईल पातळ असतं, बोटाला निसटतं, अंगच नसतं त्याला; रंगावर पडलं तर रंग सोडवतं. गिअर ऑईल जाड, मधासारखं ओढलं जातं आणि त्याला गंधकाचा घाणेरडा वास. तिसरं म्हणजे बेअरिंगचं ग्रीस, उष्णतेने पातळ होऊन आलेलं. शंका असली तर मामा एक थेंब पाण्याच्या वाटीत सोडायचे. ब्रेक ऑईल पाण्यात मिसळून जातं, गिअर ऑईल वर तरंगतं आणि रंगीत साय धरतं.

हे आधी कळणं का महत्त्वाचं, तर त्या जीपला सगळ्या चाकांना मिळून ब्रेकची एकच लाइन होती. एका चाकाच्या व्हील सिलेंडरचा रबरी कप गेला तर चारही चाकांचा ब्रेक जाणार, पॅडल सरळ खाली. गिअर ऑईल गळत असेल तर एकच चाक बिघडतं, पण गाडी वाकडी ओढते. दोन्हीत जीव जाऊ शकतो, पण उपाय वेगळा. (हँडब्रेक मात्र या भानगडीतून सुटलेला, कारण जुन्या जीपला तो चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो.)

आमचं होतं गिअर ऑईल. मामांनी व्हील सिलेंडरची रबरी टोपीही उचलून बघितली, आत कोरडं. मग हाउसिंगचा फिलर नट सैल केला, आणि फुस्स करून हवा बाहेर आली. गाडी शेडपर्यंत दोरीने ओढत आणलेली, म्हणजे फार तापलेलीही नव्हती, तरी आत एवढा दाब. आम्ही सगळे दचकलो. मामा नुसते हसले. बोट आत घालून तेल बघितलं. पातळी बरोबर, भोकाच्या खाली बोटभर. रंग मात्र करडा, दूध घातल्यासारखा. म्हणजे आत पाणी.

मग ते गाडीखाली शिरले आणि ॲक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला खरवडू लागले. तिथं ब्रीदर असतो, शेंगदाण्याएवढी टोपी. गाडी चालली की हाउसिंगमधलं तेल आणि हवा तापते, फुगते, ती या वाटेने बाहेर जाते. ती वाट बंद झाली तर दाब दुसरी वाट शोधणार. सर्वांत कमजोर जागा चाकाजवळच्या सीलची. सील कितीही नवं असो, त्याच्या ओठाखालून तेल ढकललं जातं. आणि उलटंही होतं. तापलेला ॲक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधूनच पाणी आत ओढते. कणकुंबीकडच्या रस्त्याला त्या दिवसांत ओढे किती होते हे त्या भागातल्या मंडळींना सांगायला नको.

खरवडल्यावर टोपीवरून आधी लाल जांभ्याच्या चिखलाची खपली निघाली आणि तिच्याखाली काळा रंग. जाडच्या जाड, टोपीच्या भोकात वाळून दगड झालेला.

"हा रंग कुणी मारलाय?" मामांनी विचारलं.

काका काही बोलले नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर खालून गंज धरू नये म्हणून त्यांनी स्वतः उभं राहून चासी आणि ॲक्सलला काळा रंग मारून घेतला होता. ब्रश फिरवणारा पेंटर होता, पण 'एक जागा सोडू नको' हे सांगणारे काका. गळती सुरू झाली ती त्यानंतर. तारखा तिथंच जुळल्या.

मामा एवढंच म्हणाले, "अण्णा, पोरगं तेल बरोबर भरूलालतं."

काम दोन दिवस चाललं. मागच्या ॲक्सलचं टोक निमुळतं असतं आणि हब त्यावर घट्ट बसलेला, तो पुलरनेच काढायचा. बरेच जण नट सैल ठेवून हातोड्याने ठोकतात, त्याने आटे जातात आणि धक्का बेअरिंगला बसतो. आधीच्या गराजने तसंच केलं होतं, शाफ्टच्या टोकाला घाव होते. जुनं सील काढून मामांनी ॲक्सलवर जिथं सीलचा ओठ घासतो तिथं नख फिरवलं. चर पडलेली नव्हती. पडली असती तर नुसतं सील घालून भागलं नसतं. नवीन सील आधी तेलात भिजवलं, ओठ आतल्या, म्हणजे तेलाच्या बाजूला करून लाकडी ठोकळ्याने सारखं सारखं ठोकत बसवलं. जुनी सीलं चामड्याची यायची तेव्हा ती रात्रभर तेलात ठेवावी लागत, असं ते म्हणाले. बेअरिंग धुऊन नवीन ग्रीस भरलं, आणि ॲक्सलची चाल किती ठेवायची त्याच्या पातळ चकत्या मोजून जशाच्या तशा परत घातल्या.

लायनर तेलाने काळे पडले होते. बाबांनी विचारलं की पेट्रोल टाकून जाळून घेतले तर चालतील का, तेव्हा सगळे तसंच करायचे. मामांनी साफ नाही म्हटलं. तेल आत मुरतं, वरून जळल्यासारखं दिसतं, गरम झालं की परत वर येतं. आणि एकट्या डाव्या चाकाचेही नवीन घालायचे नाहीत, मागचे दोन्ही एकदम, नाहीतर गाडी परत एकीकडे ओढणार. लायनर कोल्हापूरहून मागवावे लागले, म्हणूनच दोन दिवस. हाउसिंगमधलं करडं तेल सगळं काढून डिझेलने आतून धुतलं आणि नवीन भरलं.

शेवटी ब्रीदर. टोपी काढून तिथं एक छोटी तोटी बसवली, तिला रबरी नळी जोडली आणि ती चासीला क्लिपा मारत बॉडीखाली वरपर्यंत नेऊन तोंड खाली वळवून ठेवलं. ओढ्यातून गेलो तरी पाणी तिथवर चढत नाही, चिखल उडत नाही. पुढच्या ॲक्सललाही तसंच केलं. खर्च नळीचा आणि चार क्लिपांचा.

गाडी आणली त्या संध्याकाळी काका वडगावला गेले. मला बरोबर घेतलं, का ते मला अजून कळलेलं नाही. गल्लीत मागांचा खटखट आवाज येत होता. पोरगा घरी नव्हता, आई दारात आली. काका चप्पल काढून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, चूक माझी होती. रंग मी मारायला लावला. पोरानं काही केलं नाही. मी त्या दिवशी बोललो ते परत घेतो." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे तुमच्या दुकानासमोर बोला. तिथंच बोललासा तुम्ही."

काका दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर, हमाल, शेजारचे दुकानदार, गिऱ्हाईक सगळे असताना, त्या पोराला समोर उभं करून बोलले. ज्या पायरीवर बसून मी आधीचं ऐकलं होतं, तिथंच.

तो आमच्याकडे परत कामाला मात्र आला नाही. मेस्त्रीमामांच्या शेडमध्ये राहिला. तेल भरणारा पोर बोटाने पातळी बघतो आणि खोटं सांगत नाही, एवढं मामांना पुरलं. पुढे उद्यमबागेत त्याने स्वतःची शेड घातली. आमची गाडी शेवटपर्यंत त्याच्याकडेच जायची आणि प्रत्येक पावसाळ्याआधी तो पहिल्यांदा त्या नळीत फुंकर मारून बघायचा. काका शेजारी उभे असतील तर जरा जोरातच.