रमाबाईंच्या खोलीचं उघडं दार

१८९३ साली पुण्यात एका उघड्या दारावरून रान पेटलं होतं. ते दार होतं पंडिता रमाबाईंच्या खोलीचं.

रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आणलं. विधवा मुलींना शिकवायचं, पण धर्म लादायचा नाही, असं ठरलेलं. रमाबाई स्वतः १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झालेल्या. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, तेव्हा दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसू लागल्या. झालं! 'केसरी'ने झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या.

पालकांची भीती अगदीच निराधार नव्हती, हेही सांगायला हवं. पुढे काही मुली ख्रिस्ती झाल्या. पण रमाबाईंनी दार लावून घेतलं नाही. प्रार्थना एका कप्प्यात आणि काम दुसऱ्या, अशी वाटणी त्यांना जमणारी नव्हती.

मी दौंड भागात बातमीदारी करतो. याच तालुक्यातल्या केडगावला त्यांचं मुक्ती मिशन उभं राहिलं. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून वाचवलेल्या शेकडो मुली-बायका तिथे आल्या. १९०५ मध्ये तिथल्या प्रार्थनासभांची चर्चा परदेशापर्यंत गेली. पण त्याच आवारात शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. खिळे जुळवायला कोण? तर याच मुली! ज्यांना घराने ओझं मानलं, त्यांच्या हाताला कसब आलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून निघालं.

आज पुण्यातल्या कितीतरी ख्रिस्ती नर्सेसची रविवारीच ड्युटी असते. चर्च चुकतं, मन खातं. त्यांना केडगावचा इतिहास एवढंच सांगतो, की रुग्णाची कूस बदलतानाही प्रार्थना होते. आणि प्रार्थनेत तासन्‌तास बसणाऱ्यांनाही तोच इतिहास विचारतो, की उठल्यावर हातून काय झालं?

आपण मात्र अजून दाराबद्दलच भांडतोय. दाराआड कोण शिकलं, कोण पायावर उभं राहिलं, याची बातमी तेव्हाही मागे पडली, आजही पडते. तुम्हाला काय वाटतं?