पुत्रशोक आणि ग्रहण

इ.स. ६३२. मदिनेत हजरत मुहंमद पैगंबरांचे (स.) चिमुकले पुत्र इब्राहिम वारले आणि त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. सूर्यही शोक करतो आहे, असे लोक म्हणू लागले. प्रेषितांनी नमाज पढवली आणि बजावले, की कुणाच्या जन्ममृत्यूमुळे सूर्यचंद्रांना ग्रहण लागत नाही. ती अल्लाहची चिन्हे आहेत.

पुढे मुस्लिम विद्वानांनी ही चिन्हे मोजली. अल-बत्तानी (मृत्यू इ.स. ९२९) यांनी सूर्यबिंब वर्षभरात लहानमोठे दिसते, म्हणून कंकणाकृती ग्रहणही घडू शकते, हे ओळखले. त्यामागची लंबवर्तुळाकार कक्षा केपलरने १६०९ मध्ये मांडली. कैरोच्या इब्न युनुस यांच्या ग्रहणनोंदी एकोणिसाव्या शतकात चंद्राची गती तपासायला कामी आल्या.

तरी ग्रहणात गरोदर लेकीसुनेच्या हातची सुरी काढून घेणारी घरे आपल्यातही आहेत. पुत्रशोकातही ज्यांनी भ्रमाला थारा दिला नाही, त्यांचीच आपण उम्मत ना?