१४. चवली
दोन आण्यांचे, गोलसर कोपऱ्यांचे चौकोनी नाणे. खिशात चाचपडूनही ओळखू येई. रुपयाचे आणे १६, म्हणजे आठ चवल्यांचा रुपया. १ एप्रिल १९५७ला दशमान पद्धत आली. चवलीचे हिशेबाने साडेबारा नवे पैसे होत, पण सरकारी कोष्टकात बाराच धरले. तिकीट खिडकीवरची हुज्जत त्यावरूनच. ‘गाडी’ म्हणजे मूर्तिजापूर (जि. अकोला) ते अचलपूर (जि. अमरावती) ही अरुंदमापी ‘शकुंतला’, अंतर सुमारे ७६ कि.मी.; आता बंद. लेखकाच्या तिकिटाची तुलना आजच्या एसटी भाड्याशी करताना एवढे ध्यानात असावे, की तेव्हा मजुरीही आण्यांतच मिळे. ‘पावली’साठी पुढील टीप पाहावी.